कमरेइतक्या पाण्यात

जरा शेगडीजवळ सरकून बसा. सोल्वेग आत झोपली आहे, म्हणून हळू बोलतो.

तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. माझी बायको, सोल्वेग, इस्पितळातून घरी आली होती, पण अन्न तिला नकोसं झालं होतं. पोटात काही गेलं तरच ती उठेल, असं डॉक्टर म्हणाले होते. बारा दिवस मी चमचा घेऊन बसत होतो आणि ती तोंड फिरवत होती. मग एका दुपारी ती आपणहून म्हणाली, "वॉलाय मासा असता तर घासभर खाल्ला असता. लोण्यात तळलेला."

"आणतो की."

"तू? पाच वर्षांत तुझ्या गळाला एक बूट लागला, हॅल्वर. तोही डाव्या पायाचा."

तिनं टोमणा मारला याचंच मला इतकं बरं वाटलं, की मी लगेच छातीपर्यंतची रबरी विजार शोधायला लागलो. शेजारची लोर्ना विणकाम घेऊन तिच्या खाटेशी, इथेच शेगडीजवळ, बसायला आली.

"एकटाच चाललास? या वयात?" लोर्ना म्हणाली.

"तळ्यावर कुणी ना कुणी असतंच."

आमच्या मिनेसोटात त्या दिवसांत तळ्याच्या काठाला बर्फाची पातळ साय धरते. चार दिवसांत सगळं गोठणार असतं. अंधार पडला की छोटे चंदेरी मासे खडकांवर अंडी घालायला येतात आणि त्यांच्या मागावर वॉलाय येतो. अंधारात बघणारा मासा तो. दिवा दिसला की पळतो. म्हणून आम्ही दिवा लावत नाही. पाण्यात उभे राहतो, शेजारी कोण आहे दिसत नाही, नाव कुणी विचारत नाही. मधूनमधून फक्त विचारायचं, "कुठवर?" समोरचा सांगतो, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. कुणी खोलात गेलं नाही ना, तेवढं कळावं म्हणून.

मी कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिलो. वारा नव्हता. ओल्या दगडांचा आणि माशांचा वास भरून राहिला होता. दोन तास मी लांब लांब गळ टाकत होतो. एकदाही ओढ लागली नाही. बोटं बधिर झाली. घरी जाऊन सोल्वेगला काय सांगायचं, ते जुळवत होतो.

तेव्हा समोरून, तळ्याच्या बाजूनं कुणीतरी बोललं.

"लांब टाकतोस... ते तुझ्या मागे आहेत."

कुजबुजच ती. कुजबुजीत माणूस ओळखू येत नाही. मला हसू आलं. खरंच होतं ते. मासा असतो गुडघाभर पाण्यात, आणि आम्ही त्याला ओलांडून पुढे जातो आणि पलीकडे गळ टाकत बसतो.

"तुला दिसतात?" मी विचारलं.

"डोळे चमकतात त्यांचे... सगळे माझ्याकडे बघतायत. वळ. किनाऱ्याकडे टाक."

मी तळ्याकडे पाठ केली आणि गळ टाकला. दोन वेळा रीळ फिरवलं असेल नसेल, काठी वाकली. चांगला हातभर लांबीचा मासा होता. मला इतका आनंद झाला, की मागे न वळताच मी म्हणालो, "लागला बघ. तू कुठवर आहेस?"

मी मासा ओढून घेतला.

"तळ लागत नाही..."

माझ्या मागे चार पावलांवर खडक संपतो. पुढे नुसता खोल डोह.

"पण थंडी नाही वाजत... बरं वाटतं इथे."

मी पळायला हवं होतं. पण तो आवाज परत जायचं विसरल्यासारखा वाटत होता, आणि मला त्याची कणव आली.

"इकडे ये बघू," मी म्हणालो. "काठावर कॉफी ठेवली आहे. गरम आहे."

"...येऊ?"

"ये."

माझ्या डाव्या अंगाला पाणी हललं. कुणी जवळून जावं तसं सरकत किनाऱ्याकडे गेलं. मग काठाचं बर्फ मोडलं, एकदा, दोनदा. मी काठावर पोचून दिवा लावला. कुणी नव्हतं. कॉफी तशीच होती.

घरी लोर्ना अजून विणत होती. "तू गेल्यापासून झोपली आहे. कूससुद्धा बदलली नाही. मी जागची हलले नाही."

मी मासा साफ केला, बिस्किटाच्या भुग्यात घोळवला, लोण्यात तळला. वासानं सोल्वेग जागी झाली. एक घास खाल्ला. मग दुसरा.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली आणि अजून एक तुकडा उचलला. लोर्ना डोळे पुसायला खिडकीकडे वळली.

सोल्वेगला नीट टेकता यावं म्हणून मी तिच्या पाठीमागची उशी सारखी करायला गेलो आणि वेणी बाजूला घेतली. वेणी जड लागली. उशी कोरडी होती, गाऊन कोरडा होता. वेणी मात्र टोकापर्यंत थंडगार भिजलेली. केसांना तळ्याचा वास येत होता.

मी वेणी टॉवेलात गुंडाळून शेगडीच्या बाजूला धरली. सोल्वेग खातच होती.

टॉवेल दोनदा पिळावा लागला.