उजवा कौल

मामेभाऊ रुद्रेशचा फोन आला तेव्हा तनया डिचोलीच्या प्रयोगशाळेत विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासत होती.

"बाबाच्या नाकातून रक्त येता. हिरड्यांतून पण. थांबतच नाय." मागे गाडीचा हॉर्न वाजत होता. "पांडूकाकाच्या गाडीतून हाडतंय तेका. तेंच्या नव्या औषधान मारलो बाबाक, तनया. ती डॉक्टरीण आज माझ्या हातात गावूंदे."

"मामा शुद्धीवर आहे?"

"आसा."

"मग त्याच्याशी बोलत राहा. मी थेट इस्पितळात येते. आणि डॉक्टरच्या अंगावर हात टाकलास तर मामावर उपचार कोण करणार, तेवढं आधी ठरव."

तिने हातमोजे काढले. वडील गेल्यावर सगुणमामाने तिला हळर्णेला आणलं होतं. काजू विकून विज्ञान शिकवलं होतं. हे कोणी मुद्दाम केलं असेल तर त्या माणसाला ती सुखाने झोपू देणार नव्हती. तो डॉक्टर असो की आणखी कोणी.

मामाला आतड्याचा कॅन्सर होता. चार महिन्यांपूर्वी तो एका नव्या औषधाच्या चाचणीत सामील झाला, आणि ती चाचणी तनयानेच त्याला समजावून सांगितली होती. त्या दिवशी इस्पितळात जाताना पांडुरंगच्या गाडीत मामा होता आणि पांडुरंगची बायको रुक्मिणीही होती. तिलाही तोच आजार. पांडुरंग मूळचा दोडामार्गचा. पाळीच्या खाणीवर ट्रक चालवायचा, खाण थांबल्यावर हळर्णेत मामाच्या शेजारी बिऱ्हाड करून मोपा विमानतळावर भाडी मारायचा.

"माका उंदीर करतले काय गो?" मामाने विचारलं होतं.

"नाही मामा. नेहमीचं सलाईन सगळ्यांना मिळणारच. त्याच्यावर अर्ध्यांना नवी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. कोणाला कोणती, ते संगणक ठरवतो. तुला कळणार नाही, डॉक्टरलाही नाही."

"डॉक्टराक कित्याक नाय?"

"कळलं तर नव्या गोळीवाल्याकडे ती जास्त प्रेमाने बघेल. मग गोळीने गुण दिला की प्रेमाने, कसं समजणार? जिवावर बेतलं तरच ते गुपित उघडतात. आणि तुला नको वाटलं तर कधीही बाहेर पड, कोणी अडवणार नाही."

रुक्मिणी हसली होती. "माझो नवरो माका कधीच बाहेर सोडूचो नाय. आताच आत घाल म्हणता."

पण तपासण्यांत रुक्मिणीची मूत्रपिंडं कमजोर निघाली. तिला चाचणीत घेतलं नाही. नेहमीचं सलाईन चालू राहिलं. दोन महिन्यांनी ती गेली.

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर अश्विनी अतिदक्षता विभागाच्या दाराशीच भेटल्या. रुद्रेश दोन पावलांवर मुठी आवळून उभा होता. पांडुरंग बाकावर बसून जमिनीकडे बघत होता.

"रक्त थांबतंय," त्या म्हणाल्या. "पण नशिबाने."

"तुमच्या गोळीन झाला हा," रुद्रेश म्हणाला.

"नाही झालं. मी हे अंदाजाने सांगत नाही. आज सकाळी गुपित उघडायला लावलं. नवं औषध याला कारण नाही, हे मी खात्रीने सांगते."

"आणि सलाईन?" तनयाने विचारलं. "त्याने प्लेटलेट्स कमी होतात. मग रक्त वाहतं."

"त्याच्या प्लेटलेट्स ठीक आहेत. मला तेच खटकलं. रक्त गोठायला मात्र फार वेळ लागतोय. के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं आणि फरक पडला."

तनया हळू आवाजात म्हणाली, "हृदयाचे रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेतात, तसं?"

"तसंच. पण तुझे मामा ती घेत नाहीत. प्रत्येक भेटीत आम्ही विचारतो, दुसरं काही औषध घेता का? दर वेळी नाही म्हणतात."

"अशीच दुसरी वस्तू बाजारात मिळते, डॉक्टर. उंदरांसाठी."

अश्विनींनी मान डोलावली. "रक्ताचा नमुना पाठवलाय. पोलिसांनाही कळवलंय. सगुण बरे होतील. पण जे पोटात जात होतं ते पुन्हा गेलं, तर मी काही करू शकणार नाही."

रुद्रेशच्या मुठी सैल झाल्या, आणि लगेच पुन्हा आवळल्या. आता त्यांना नवा माणूस हवा होता. "म्हणजे घरात कोणीतरी? सांग माका कोण तो. तेका मी सोडूचंय नाय."

"घरात तूही आलास," तनया म्हणाली. "मोपाची जमीन विकण्यावरून महिनाभर बापाशी बोलत नव्हतास. पोलीस पहिलं तुलाच विचारतील."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "तुका तसा वाटता?"

"मला अजून काहीच वाटत नाही. गोळ्या मामाला कोण देतं?"

"मीच. आईक वाचूक येय नाय म्हणान."

बाकावरून पांडुरंग उठला. "वयनीक घराकडे सोडू? रात्रभर जागी आसा ती."

"मीच नेते मामीला," तनया म्हणाली.

* * *

हळर्णेच्या घरी तनया आधी माळ्यावर चढली. नारळांच्या राशीमागे उंदरांच्या औषधाचा डबा होता. झाकणावरची पट्टी जशीच्या तशी, वर धुळीचा थर. घरातला डबा कोणी उघडलाच नव्हता.

ती खाली स्वयंपाकघरात आली. विमलामामी चुलीपुढे बसली होती, पण चूल पेटवली नव्हती.

"मामी, मामाने गेल्या पंधरा दिवसांत काय काय खाल्लं?"

"आमी खाल्ला ताच. पेज, भाजी, बांगड्याची कढी. सकाळी पोदेराकडचो उंडो पाव."

"त्याच्यासाठी वेगळं काही केलंस?"

"नाय."

"उरलेलं कोण खायचं?"

"मीच. अन्न टाकू काय?"

"कोणी काढा, पाळंमुळं, काही आणून दिलं?"

"नाय गो. तुया बजावलंस ना, दुसरा औषध देऊ नको म्हणान. मी वखदाक हात लावूक नाय."

तनयाने देवघराकडे पाहिलं. समईपाशी केळीच्या पानाची छोटी पुडी होती.

"ते काय?"

"तो प्रसाद. देवाचो." मामीचा चेहरा जरा उजळला. "पांडू हाडता, तेच्या गावच्या देवाचो. गूळ-खोबरा. सकाळी अनशापोटी एक घास."

"मग मघाशी नाही म्हणालीस."

"तुया औषध विचारलंस. प्रसाद औषध कसो जायत?"

इस्पितळातही मामाने दर वेळी हेच उत्तर दिलं असणार. तनयाने पुडी उलगडली. गुळाच्या तपकिरी गोळ्यात हिरवट-निळे कण होते.

"हे काय आहे ह्यात?"

"तुळस, म्हणालो पांडू."

"तुला कसा लागला प्रसाद?"

"मी खाल्लंच नाय. तेणी सांगलेला, हो दुखणाइतान एकट्यानच खावचो. वाटलो तर गुण जाता. माका तर दोनदा बजावल्यान, वयनी, तुमी चाखून पण बघू नकात म्हणान."

तनयाने ते कण नखाने उकरून पाहिले. मग पुडी पुन्हा बांधली.

"मामी, मामाला नवी गोळीच मिळाली, असं गावात कोणाला वाटत होतं?"

"सगळ्यांक." मामी खालच्या आवाजात म्हणाली. "मी देवळात कौल लावलेलो. देवाक पाकळ्यो लावल्यो आणि विचारला, माझ्या घोवाक नवी गोळी गावली काय? उजवी पाकळी पडली, म्हणजे होय. माका इतको आनंद झालो, मी शेजारपाजारी साखर वाटली."

"पांडुरंगकाकांनाही?"

"तेका पयली. रुक्मिणी तेवा खाटेर होती. मी म्हटला, आमका गुण इलो तर तुमकाय येतलो." तिने पदर तोंडाला लावला. "तेणी साखर घेतली नाय. हात भरलेले आसत म्हणालो."

* * *

दोन दिवसांनी मामा वॉर्डात आला. तनया त्याच्याशी एकटीच बोलली. त्याने सगळं ऐकलं आणि तिच्या एका प्रश्नाला बराच विचार करून होकार दिला.

संध्याकाळी तिने पांडुरंगला घरी बोलावलं. बाहेर बलकांवच्या, दारापुढच्या ओसरीच्या, दगडी बाकांवर चौघं बसली: मामी, रुद्रेश, पांडुरंग आणि ती. आतल्या खोलीत पेडण्याचे उपनिरीक्षक बसले होते. ते तिचं ऐकायला नाखुशीनेच तयार झाले होते.

"मामा बरा होतोय," तनया म्हणाली. "ह्या घरावर देवाची कृपा आहे. तुमच्या देवाची, काका. म्हणून म्हटलं, उरलेला प्रसाद आज सगळ्यांनी घेऊ."

तिने केळीचं पान उघडलं. गुळाचा एक तुकडा रुद्रेशच्या हातावर ठेवला, एक मामीच्या, एक पांडुरंगच्या.

पांडुरंगने तळहाताकडे पाहिलं. "हो वाटूचो नसता. मी सांगलंय."

"माणूस वाचला. आता वाटायला काय हरकत?"

रुद्रेशने तुकडा तोंडात टाकला. पांडुरंग त्याच्याकडे बघत राहिला, पण बोलला नाही. मामीने तुकडा कपाळाला लावला आणि ओठांपाशी नेला.

पांडुरंगने पुढे झेपावून तिच्या हातावर फटका मारला. तुकडा अंगणात जाऊन पडला.

"खाव नकात, वयनी."

मामी हात चोळत त्याच्याकडे बघत राहिली.

"का, काका?" तनयाने विचारलं. "रुद्रेश खात होता तेव्हा तुम्ही गप्प बसलात. मामीलाच का अडवलंत?"

"तिणी माझ्या रुक्मिणीक न्हाऊ घातला. शेवटापर्यंत." त्याचा आवाज कोरडा होता. "तिचा माझा वैर नाय."

"घाबरू नका. हा मी आज सकाळी केलेला. तुम्ही आणलेला पोलिसांकडे आहे."

उपनिरीक्षक दारात येऊन उभे राहिले. रुद्रेश उठला. तनयाने त्याचा दंड धरला. "बस. आधी ऐक."

ती पांडुरंगकडे वळली.

"सगळ्यांना वाटलं, नव्या गोळीने घात केला. तुम्हालाही लोकांना तसंच वाटायला हवं होतं. म्हणून तुम्ही स्वतःच मामाला गाडीत घालून त्याच इस्पितळात नेलंत. पण मामाच्या प्लेटलेट्स ठीक होत्या आणि रक्त गोठत नव्हतं. सलाईनने तसं होत नाही. ते उंदरांच्या औषधाने होतं. घरातला डबा बंद होता, म्हणजे वस्तू बाहेरून आली. घरात सगळे एकच जेवण जेवत होते, आजारी मात्र एकच पडला. इस्पितळाच्या गोळ्या सोडल्या तर एकट्या मामाच्या पोटात काय जात होतं? फक्त प्रसाद."

"देवाचो प्रसाद..." पांडुरंग पुटपुटला.

"देवाचा प्रसाद वाटायचाच असतो, काका. पोराला दोन दाणे, म्हाताऱ्याला दोन दाणे, वाटेवरच्या अनोळख्यालासुद्धा. कोणाला द्यायचा नाही असा प्रसाद मी जन्मात ऐकला नाही. तुम्हाला मामीला वाचवायचं होतं म्हणून ती अट घातलीत. त्या अटीनेच मला तुमच्याकडे आणलं. हिरव्या कणांची तुळस कुठल्या दुकानातली, ते पोलीस शोधतील."

"शोधूची गरज नाय." पांडुरंगने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काहीतरी पेटलं होतं. "दोडामार्गच्या बाजारातली. मीच घेतलंय. तुझ्या मामाक जागा गावली आणि माझ्या बायलेक नाय. एकाच गाडीन गेलेलीं दोघांय. तू शिकलेली, तुझी वळख. ती दर सलाईनाक ओकून ओकून मेली, आणि ह्या घरात साखर वाटली. उजवो कौल म्हणान साखर! मी काय करूचा होता?"

"जागा एकच नव्हती," तनया म्हणाली. "तिच्या मूत्रपिंडांना ती गोळी झेपली नसती. तिला वाचवायलाच तिला बाहेर ठेवलं. डॉक्टरांनी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं."

"डॉक्टर सांगतत खूप."

"मग आता मी सांगते." ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. हे सांगणं गरजेचं नव्हतं. गुन्हा सिद्ध व्हायला आधीचंच पुरेसं होतं. "डॉक्टरांनी गुपित उघडून मामाला सांगितलं. ते त्याचं आहे. तुम्हाला सांगू का, असं मी मामाला आज विचारलं. तो म्हणाला, तुरुंगाची शिक्षा सरकार देईल, ही माझ्याकडून दे."

पांडुरंगने उपनिरीक्षकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"गोळीमुळे झालं नाही, हे डॉक्टर इतक्या खात्रीने का म्हणाल्या? मामाला ती गोळी कधी मिळालीच नाही. संगणकाने त्याला साध्या गोळ्यांत टाकलं होतं. चार महिने तो खडूसारखी गोळी गिळत होता, आणि वरून तेच सलाईन. रुक्मिणीकाकीला मिळालं तेच. एक थेंब जास्त नाही."

"कौल उजवो..."

"कौल मामीने लावला. गोळी संगणकाने दिली."

त्याने बाकाचा दगड दोन्ही हातांनी धरला. ज्या माणसाने बायकोचं औषध हिसकावलं म्हणून तो पंधरा दिवस गूळ कुटत होता, त्या माणसाला तिच्याइतकंच मिळालं होतं. तनया त्याचा चेहरा बघत राहिली. नजर वळवावी असं तिला वाटलं नाही. आपल्याला आता वाईट वाटेल, असं तिला मघापासून वाटत होतं. तेही वाटलं नाही.

"तिका पण ताच..." तो एवढंच म्हणाला.

रुद्रेशने उचललेला हात खाली घेतला. मारायला आता समोर काही उरलं नव्हतं.

उपनिरीक्षकांनी पांडुरंगला उठवलं. तो मामीपुढे थांबला. ती काहीतरी बोलेल, शिव्या तरी देईल, अशी वाट बघत राहिला. मामीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती चपला पायात सरकवत होती.

"रुद्रेश, गाडी काढ," ती म्हणाली. "तुझो बापूस उपाशी आसा. पेज थंड जाता."