चंद्रावरचं विरजण

चंद्रावरच्या आमराई वसाहतीत त्या आठवड्यात एकाही घरी दही लागलं नाही. सकाळी झाकण काढावं तर दूध जसंच्या तसं, पांचट. शेजारी विरजण मागावं तर तिथेही तेच रडगाणं. अठराही घरांतलं विरजण मुळात एकच होतं, बावीस वर्षांपूर्वी इंदूआजीने मिरजेहून डबीत घालून आणलेलं. आता आजी नव्हती.

तिचे पती माधवआजोबा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. त्या मूळ विरजणाची शेवटची नळी त्यांनी शीतपेटीत जपली होती. तिच्यावर इंदूचं अक्षर होतं. ती त्यांनी दुधात रिकामी केली.

"जुनं ते अस्सल," ते नात कालिंदीला म्हणाले.

दुसऱ्या सकाळीही दूध पांचटच. इतकी वर्षं सांभाळलेलं आपण हातानं घालवलं, असं वाटत आजोबांनी त्या दुधाचा थेंब तपासायला घेतला.

"पण नळीतलं तर निरोगी होतं ना?" कालिंदीने विचारलं.

त्यांनी तिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पडदा दाखवला. "हे दही लावणारे जिवाणू. त्यांना चिकटलेले हे विषाणू. जिवाणूच्या अंगावर खुंट्या असतात, त्यांना हे आकडा अडकवतात, आपलं बियाणं आत सोडतात. आत नवे विषाणू तयार होतात आणि जिवाणूला फोडून बाहेर पडतात. जिवाणू यजमान (ज्याच्या जिवावर दुसरा जगतो तो), विषाणू परजीवी (दुसऱ्याच्या जिवावर जगणारा)."

"म्हणजे पाहुणाच घर मोडून जातो."

"आणि जाताना शंभर पाहुणे सोडतो."

"मग बावीस वर्षं दही लागलं कसं?"

"कोट्यवधी जिवाणूंत एखाद्याची खुंटी जन्मतःच वेगळी निघते. कुणी मुद्दाम बदलत नाही. बाकीचे मरतात, तो वाचतो, त्याचीच पिल्लावळ वाढते. पुढे विषाणूंतही एखाद्याचा आकडा त्या नव्या खुंटीला बसतो. ही सहउत्क्रांती (एकमेकांमुळे दोघांनीही पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाणं)." ते थांबले. "माझंच चुकलं. बाहेर झुंज चालू होती आणि नळीतले बिचारे झोपलेले. जुन्या खुंट्या घेऊन ते भांड्यांत उरलेल्या आजच्या विषाणूंसमोर आले."

"मग आजची झुंज जिंकलेले कुठे असतील?"

"नासलेल्या पातेल्यांतच. पण ती तर सगळ्यांनी रिकामी केली."

"आमचं नाही केलं," कालिंदी चाचरत म्हणाली. "भांडी धुवायला पाणी रविवारीच मिळतं. मग आधीच कशाला रिकामं करायचं, म्हणून मी सोमवारचं पातेलं दुधासकट हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रामागे लपवलंय. आईला सांगू नका."

यंत्राच्या उबेत चार दिवस राहिलेल्या त्या पातेल्याच्या तळाशी आंबट, घट्ट थर धरला होता. आजोबांनी त्यातलं चमचाभर ताज्या दुधात घातलं. कालिंदीने हट्टाने विषाणूंनी भरलेलं पांचट दूधही त्यात ओतलं. खरी परीक्षा तीच होती.

सकाळी दही लागलं होतं, सुरीने कापावं असं.

आजोबांनी चाखलं. "इंदूचं याहून गोड असायचं. हे तिचं नाही."

"तिच्याच विरजणाची नातवंडं आहेत. माझं नाक तरी कुठे आजीसारखं आहे?"

आजोबा हसले. त्यांनी ती रिकामी नळी उकळून घेतली आणि नवं दही भरलं. इंदूचं अक्षर पुसलं नाही, त्याच्याखाली फक्त चालू साल लिहिलं.

"आता दरवर्षी एक भरायची," ते म्हणाले. "पुढची तू."

दारात शेजारच्या काकू वाटी घेऊन उभ्या होत्या.