अकरा मिनिटांचा हिरवा शिक्का

"आज होडी मीच वल्हवणार!" वेंडेलची मैत्रीण ग्रेटा हिनं जाहीर केलं.

"म्हणजे आज आपण बुडणार!" वेंडेल म्हणाला. "पोझी, जॅकेट घाल, चल!"

त्याची आठ वर्षांची बहीण जागची हलली नाही. एरवी सुट्टीत सरोवरावर सगळ्यांच्या आधी पळणारी पोझी! चार दिवस ती त्याच्या नजरेला नजर देत नव्हती, नीट जेवतही नव्हती.

"मी काय केलं गं?"

"तू नाही. मी केलं," ती पुटपुटली आणि हुंदके देऊ लागली.

होडी राहिली बाजूला! खोदून खोदून विचारल्यावर कळलं. गावच्या लायब्ररीतून तिनं कन्सोलसकट एक व्हिडिओ गेम आणला होता. त्यात आपणच एक पात्र व्हायचं आणि धाकट्या भावाला घेऊन डोंगरापार जायचं. भावाचं नाव आपण ठेवायचं. पोझीनं ठेवलं, वेंडेल! वाटेत बर्फात अन्न संपलं, भावाला मागे सोडावं लागलं. आता प्रत्येक मुक्कामावर तो येऊन विचारत होता, "ताई, मला का सोडलंस?"

"हे आठ वर्षांच्या पोरांसाठी?" ग्रेटा भडकली. गेमच्या डब्यावर लायब्ररीचा हिरवा शिक्का होता, 'आठ वर्षांपासून पुढे'. खाली ग्रंथपाल हालव्हर्सन यांची सही.

तिनं कन्सोलवरच्या जुन्या नोंदी उघडल्या. "हे बघ! हालव्हर्सन, एकूण खेळ अकरा मिनिटं! आणि या महाशयांनी केलं काय? तीन मासे पकडले!"

दोघं तडक लायब्ररीत गेले. तिथे पालकांची रांग होती.

"मिस्टर हालव्हर्सन," ग्रेटा साळसूदपणे म्हणाली, "शेवटी भावाला कुत्र्याचं पिल्लू मिळतं, तो भाग किती गोड आहे ना!"

"फारच गोड! माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं!"

"त्यात पिल्लूच नाहीये!"

रांगेत कुणीतरी हसलं. पण वेंडेलला हसू आलं नाही. "माझी बहीण चार दिवस नीट जेवली नाहीये," तो म्हणाला.

हालव्हर्सन यांचा चेहरा उतरला. "मी... मासेमारीपर्यंतच पाहिलं. चित्रं छान होती, म्हणून शिक्का मारला. चुकलंच माझं. घेऊन या तो गेम."

गेम परत दिल्यावर तिसऱ्या दिवशी हालव्हर्सन स्वतःच घरी आले. हातातल्या डब्यावरचा शिक्का काढला होता. "शाबास रे पोरांनो! माझं काम तुम्ही केलंत," ते आईसमोर म्हणाले. "गेम वाईट नाही, पण मोठ्या मुलांचा आहे. या वेळी शेवटपर्यंत खेळलो."

दाराआडून पोझी पुढे आली. "तुम्हीपण सोडलंत त्याला?"

"सोडलं. मग परत पहिल्यापासून खेळलो. सगळं अन्न वाचवलं, तरीही सोडावंच लागलं. त्या गेममध्ये दुसरा रस्ताच ठेवलेला नाही, बाळा. कुणालाच नाही."

पोझी जाऊन वेंडेलला घट्ट बिलगली.