कॅसेटमधली मोकळी जागा

"कॅसेट मी नाही घेतली हो, अक्का," महेश दीपालीला म्हणाला आणि मान खाली घालून बसला.

दीपाली शिंत्रे म्हणजे हुबळीतली सगळ्यात हुशार खासगी गुप्तहेर, असं तिचा मावसभाऊ नागेश सांगत फिरायचा. स्वतःचं कापडाचं दुकान वाऱ्यावर सोडून तो तिच्या मागे हिंडायचा आणि दर वेळी भलत्याच माणसावर संशय घ्यायचा.

महेश धारवाडच्या एका कॉलेजात शिपाई होता. तिथल्या डीन वत्सला हुद्दार उद्या निवृत्त होणार होत्या. धारवाडात स्पॅनिश कोण शिकणार म्हणून लोक हसत होते, तेव्हा या बाईंनी वर्ग काढला, नावारूपाला आणला आणि पुढे डीन झाल्या. निरोपसमारंभात वाजवायची पहिल्या धड्याची कॅसेट, त्यांच्याच तरुणपणच्या आवाजातली, कपाटातून नाहीशी झाली होती. ती मिळाली नाही तर महेशची नोकरी जाणार होती.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडे होत्या: महेश, स्पॅनिशच्या प्राध्यापिका अनिता आणि स्वतः मॅडम. कॅसेटची रिकामी डबी मात्र जागच्या जागी होती.

"चोर डबी मागे का ठेवील?" दीपालीने विचारलं.

"घाई, दुसरं काय!" नागेश म्हणाला.

अनिताने धडा समजावून सांगितला. "कॅसेट प्रश्न विचारते, मग उत्तरासाठी मोकळी जागा सोडते. पहिला प्रश्न, तुझं नाव काय. पहिलं उत्तर मॅडम द्यायच्या, मग आम्ही. उद्या स्टेजवरही तसंच करायचं, हे मी त्यांना सांगून ठेवलंय."

"मग काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. पूर्वी वर्गात कन्नड-मराठी बोललं की बाहेर काढायच्या. हल्ली आमच्याशी स्पॅनिश बोलतच नाहीत. मोठ्या झाल्या ना!"

नागेशने दीपालीला कोपर मारलं. अनिताच्या मनात राग होता, म्हणजे चोर सापडलाच.

संध्याकाळी ते अनिताला घेऊन नवनगरला मॅडमच्या घरी गेले.

"बुएनास तार्देस, मॅडम," अनिताने स्पॅनिशमध्ये नमस्कार केला.

"बर्री, बर्री," मॅडम हसून कन्नडमध्येच 'या, या' म्हणाल्या आणि आत गेल्या.

तेवढ्यात त्यांचे यजमान यशवंतराव सुभाष रोडवरून आले. पिशवीतून त्यांनी मोठे सेल काढले.

"टॉर्चला लागतात," कुणी न विचारताच ते म्हणाले. टॉर्च तर भिंतीवर चार्जिंगला लावलेला होता.

दीपाली हळूच म्हणाली, "अप्पा, महेशची नोकरी जातेय."

यशवंतराव पिशवी खाली ठेवून खुर्चीत बसले.

"डबी ठेवली, कारण कॅसेट परत आणायची होती," दीपाली नागेशकडे वळली. "हे चोराचं काम नाही. सेल टॉर्चचे नाहीत, जुन्या टेपरेकॉर्डरचे आहेत. म्हणजे कॅसेट याच घरात वाजतेय, पुन्हा पुन्हा. तिसरी किल्ली मॅडमची. आणि अनिताताई, त्या मोठ्या झाल्या म्हणून गप्प नाहीत. तुमच्या साध्या नमस्कारालाही त्यांना स्पॅनिश शब्द सापडला नाही."

अनिताने तोंडावर हात ठेवला.

"विसरत चाललीय ती," यशवंतराव म्हणाले. "आधी स्पॅनिश गेलं. उद्या सगळ्यांसमोर अडखळायला नको म्हणून कॅसेट आणली, आणि आणल्याचंही विसरली. मी हे आधीच सांगायला हवं होतं. तिची लाज राखायला मी महेशचा बळी देत होतो." त्यांनी तिथूनच कॉलेजात फोन लावला आणि कॅसेट आपण नेल्याचं सांगितलं.

"उद्या उत्तरं आम्ही सगळे मिळून देऊ," अनिता रडत म्हणाली. "मॅडमनी नुसतं बसायचं."

आतून एक तरुण, ठणठणीत आवाज आला. "कोमो ते यामास?"

मग मोकळी जागा. कॅसेट मागे फिरवल्याची खरखर झाली. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तीच शांतता.

यशवंतराव उठून आत गेले. जन्मात स्पॅनिश न शिकलेला तो म्हातारा, बायकोच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ झालेलं उत्तर चाचरत म्हणाला, "मे यामो वत्सला."

"मे यामो वत्सला," मॅडम नव्या विद्यार्थिनीसारख्या त्यांच्यामागून म्हणाल्या.

नागेशला त्यातलं फक्त नावच कळलं, पण त्याला रडू आवरेना.