फियाटचं मागचं डावं दार

ही गोष्ट माझ्या मावसभावाची, श्रीरंगची. घडलेली आहे. मी पदरचं काही घातलेलं नाही. उलट रुचितावहिनीने "हे नको लिहूस" म्हटलं, तेवढं गाळलंय.

यंदाच्या जानेवारीतला रविवार. दिल्ली, द्वारका. दुपारचे चार वाजलेले, पण धुकं असं की सोसायटीचं गेट दिसत नव्हतं.

रात्र नव्हती. हे मुद्दाम सांगतोय.

श्रीरंग मूळ पुण्याचा. दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीचं काम बघतो. पार्ट ओरिजिनल की डुप्लिकेट, हे हात फिरवून सांगेल असा माणूस. राजौरी गार्डनच्या एका वयस्कर भल्लाजींकडून त्याने जुनी फियाट घेतली. काळी, पन्नाशी उलटलेली. बोल्टांपासून काचांपर्यंत सगळी ओरिजिनल.

एक गोष्ट सोडून.

मागचं डावं दार डुप्लिकेट होतं. पत्रा पातळ, टिचकी मारली की डब्यासारखा वाजायचा. बाकीच्या दारांना सरळ खाचेचे जुने स्क्रू, याला फुलीचे. काचेवर कंपनीची खूणही नाही.

"कुणीतरी ठोकली असेल रे," वहिनी म्हणाली.

पण आजूबाजूच्या पत्र्यावर ठोकल्याची एकही खूण नव्हती. म्हणजे चांगलं दार कुणीतरी मुद्दाम काढलं होतं.

का?

श्रीरंगने तो प्रश्न विचारलाच नाही. त्याला फक्त ओरिजिनल दार हवं होतं. सुट्टी मिळाली की तो मायापुरीच्या भंगार बाजारात हिंडायचा. आणि डिसेंबरात एका दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात ते दिसलं. बाकीची दारं एकमेकांना टेकवून रचलेली. हे एकटंच...

भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं.

जाड पत्रा. सरळ खाचेचे स्क्रू. काचेवर खूण. त्याने नखाने कडेचा रंग खरवडला. काळ्याखाली हिरवा. त्याच्या गाडीच्या काळ्या रंगाखालीही तोच हिरवा होता.

दार त्याच्याच गाडीचं होतं.

त्या रविवारच्या आदल्या शनिवारी मेकॅनिकने ते बसवलं. कुठे ठोकाठोक नाही, ओढाताण नाही. बंद केलं तर जड, भरीव आवाज आला. धप्प.

"याला म्हणतात ओरिजिनल!" श्रीरंग खूश.

रविवारी तो गाडीला पॉलिश करायला खाली पार्किंगमध्ये उतरला. त्याची सहा वर्षांची मुलगी मयुराही मागोमाग आली आणि खडू घेऊन जिन्याच्या पायरीवर चित्रं काढत बसली.

टक... टक...

काचेवर बोटाने वाजवावं तसं.

थंडीने पत्रा आखडत असेल. तो बॉनेट पुसत राहिला.

टक... टक... टक...

तो मागे गेला. गाडी रिकामी. पण मागच्या डाव्या काचेवर वाफ धरली होती. फक्त त्याच काचेवर. आणि त्या वाफेत...

हाताचा पंजा उमटलेला होता.

मोठ्या माणसाचा. लांब बोटांचा.

त्याने बाहेरून फडका मारला. पंजा गेला नाही. दार उघडून आतून पुसलं. तरी गेला नाही.

त्याने दार लावलं आणि भल्लाजींना फोन केला.

"भल्लाजी, आपकी गाड़ी का असली दरवाज़ा मिल गया!"



"कौन सा दरवाज़ा?"

"पीछे का. बायाँ."

"लगा दिया?"

"हाँ, कल ही."

"बेटा..." म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "निकाल दो. अभी. घर में कोई बच्चा है?"

श्रीरंगने वळून पाहिलं.

पायरीवर खडू पडला होता. मयुरा नव्हती.

"मयुरा?"

तिच्या उत्तराऐवजी आवाज आला...

टक... टक...

काचेपलीकडे मयुरा बसली होती. सीटवर, गुडघे पोटाशी घेऊन. तिचे ओठ हलत होते. ती रडत होती. पण आवाज येत नव्हता.

त्याने हँडल ओढलं. हँडल फिरलं, दार हललं नाही. तो धावत पलीकडे गेला. उजवं दार झटक्यात उघडलं.

सीट रिकामी होती.

त्याने सीटवर हात फिरवला. खाली पाहिलं. कुणी नाही. पुन्हा डावीकडे धावला.

काचेपलीकडे मयुरा होती.

उजवीकडून नाही. डावीकडून आहे. हे त्याने मला दोनदा सांगितलं.

"रुचिता! रुचिता!" तो किंचाळला. वहिनी धावत खाली आली. तिनेही काचेतून मुलीला पाहिलं. तिने डिकीतून जॅक काढला आणि काचेवर घातला. एकदा, दोनदा. काचेला चरासुद्धा पडला नाही.

"दार काढ रे! दारच काढ!"

पुढचं दार उघडलं की मागच्या दाराच्या बिजागऱ्यांचे बोल्ट हाताला लागतात. त्याने पाना लावला. बोटं सोलवटली. शेवटचा बोल्ट सुटला आणि अख्खं दार फरशीवर कोसळलं.

मयुरा सीटवर होती. बर्फासारखी गार. वहिनीने तिला ओढून छातीशी धरलं आणि मागे न बघता जिना चढली.

सकाळी श्रीरंग खाली गेला, तर दार जागेवर नव्हतं. गार्ड म्हणाला, "साहब, कोई आया ही नहीं." भल्लाजींचा फोन तेव्हापासून बंद आहे. श्रीरंग त्यांच्या घरीही जाऊन आला. कुलूप होतं.

फेब्रुवारीत मी त्यांच्याकडे राहायला गेलो. जेवताना मयुरा सहज, आपल्याच तंद्रीत बोलली.

"बाबा, वो आंटी कोण होती?"

श्रीरंगचा घास हातातच राहिला. "कुठली आंटी, बेटा? गाडीत होती?"

"आत नाही. आत तर मी एकटीच होते."

"मग?"

"बाहेर. तुझ्या बाजूला. तू दार खेचत होतास ना..."

ती थांबली. पाणी प्यायली.

"तेव्हा तिचा हात तुझ्या हातावर होता."

वहिनी उठून आत गेली. मी श्रीरंगकडे पाहिलं. तो आपला उजवा हात टेबलाखाली घेऊन बसला होता.

पुण्याला परतून इतके दिवस झाले. अजून कुठलंही दार ओढताना माझी नजर आधी हाताकडे जाते.