ससाणा का हरला?

यूछिआओ दारातूनच बोलायला लागली. "बाई, आज संध्याकाळी पाच वाजता माझी अब्रू जाणार आहे."

"म्हणजे अजून वेळ आहे," फांगबाई म्हणाल्या. "बसा. मास्तर, चहा ओता."

मास्तर म्हणजे शिआ देमाओ. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले आणि आता फांगबाईंच्या सोबत त्यांच्या तपासकामात हिंडणारे. गुन्हेगार पळायला लागला की आपण कामाचे, तोवर नाही, असं ते स्वतःच सांगत.

यूछिआओ नेइहू भागातल्या एका लॅपटॉप कंपनीत चाचणी विभागाची प्रमुख होती. कंपनीच्या नव्या लॅपटॉपसाठी दोन प्रोसेसर स्पर्धेत होते. ऑफिसात एकाला ससाणा म्हणत, दुसऱ्याला बगळा.

"कॉम्प्युटरवरच्या खेळात ससाण्याच्या जवळपास कोणी नाही," ती म्हणाली. "रोजच्या कामात, म्हणजे पत्रं, तक्ते, व्हिडिओवरच्या बैठका, यांत दोघं सारखेच. उलट बगळा वीज कमी खातो, बॅटरी दिवसभर पुरवतो. महिनोन् महिने हेच दिसलंय मला. आणि काल..."

काल मालक कुआंग साहेबांनी सगळे विक्रेते बोलावून दोन्ही यंत्रं एका टेबलावर मांडली होती. कामाच्या फेरीत दोघं बरोबरीत सुटले. खेळात ससाण्याने अशी झेप घेतली की लोकांनी टाळ्या पिटल्या. मग थोड्या वेळाने तो लंगडायला लागला. चित्रं अडकू लागली. बगळा जिंकला.

"साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, 'एक तर तुझे आकडे खोटे, नाहीतर तूच विकली गेलीस.' आज पाचला ते बगळ्याची घोषणा करणार. आणि माझ्या हकालपट्टीची."

"तापला असणार हो!" मास्तर म्हणाले. "माझी स्कूटर यांगमिंग डोंगराच्या चढावर अशीच मान टाकते."

"मलाही तेच वाटलं. लगेच हात लावून पाहिला. ससाणा जेमतेम कोमट होता! बगळा त्याच्याहून गरम. आणि आज सकाळी पुन्हा चालवला तर वाऱ्यासारखा पळाला. साहेब म्हणाले, 'तू एकटी असलीस की बरा पळतो!'"

फांगबाईंनी चहा तसाच ठेवला आणि उठल्या. "मास्तर, स्कूटर काढा. आज तिने मान टाकली तर तुम्ही ढकलायची."

*

सभागृहात टेबल कालच्यासारखंच होतं. दोन जुळी यंत्रं, प्रत्येकावर, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे ठेवलेला खाऊचा हिरवा पुडा, आणि टेबलाखाली एक सुबक लाकडी पेटी. दोन्ही यंत्रांच्या वायरी तिच्यात शिरत होत्या.

"ही पेटी कशाला?"

"चार्जर लपवायला," यूछिआओ म्हणाली. "लुओ साहेबांची कल्पना. यंत्रांचे आकार तेच ठरवतात."

काल ससाण्यावर खेळलेली निएन भडकलेलीच होती. धंद्याने खेळाडू, बोलण्यात तिखट.

"मी मुद्दाम हरले म्हणतात! अहो, हरायचंच असतं तर सुरुवातीला एवढी पुढे कशाला गेले असते?"

"खेळताना काही वेगळं दिसलं?"

"कोपऱ्यात कसलीशी पिवळी सूचना आली. समोर शत्रू असताना कोण वाचतं? हां, शेवटी बॅटरीकडे नजर गेली. अर्ध्यावर आली होती. म्हटलं, अरे, वायर तर लावलीय!"

"हे लोकांना दिसलं?"

"छे! मोठ्या पडद्यावर नुसता खेळ दिसत होता."

बगळा विकणाऱ्या कंपनीचे तेंग हसतच आले. "या, चोर मीच! जिंकलो ना!"

"काल कुठे होतात?"

"फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला थेट मंचावर आणून उभं केलं. तिथून हातात माईक आणि तोंडाला लगाम नाही. सगळ्यांनी सोसलंय मला." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "खरं सांगू का ताई? खेळात आमचा बगळा जिंकेल असं मलाही वाटलं नव्हतं. रात्रभर विचार करतोय."

लुओ चिंगवेन मात्र शांत होते. पन्नाशीचे, बोटं चित्रकारासारखी. सभागृहाच्या कोपऱ्यातल्या आपल्या टेबलाच्या कुलपातल्या ड्रॉवरमधून त्यांनी एक लॅपटॉप काढला. मास्तरांना आधी ती फाइलच वाटली.

"तीन वर्षांची मेहनत," लुओ म्हणाले. "आत बगळा आहे. ससाणा यात मावायचा नाही. त्याला जाड अंग लागतं, मोठे पंखे लागतात, विटेएवढा चार्जर लागतो. आणि हा बघा माझा." साबणाच्या वडीएवढा चार्जर त्यांनी तळहातावर ठेवला.

"कुठल्याही दुकानात मिळेल की असला!" मास्तर म्हणाले.

लुओ दुखावले. "मिळणार नाही. आमच्या नव्या यंत्रांची पिन नवीन आहे, जुना एकही चार्जर त्यांत बसत नाही. या पिनेचा लहान चार्जर हा एकच. मी स्वतः जुळवलाय. किल्ली माझ्या गळ्यात असते."

"सुंदर आहे," फांगबाई म्हणाल्या. त्या मनापासून बोलत होत्या. "आणि ससाणा निवडला गेला तर या यंत्राचं काय?"

लुओंनी लॅपटॉप अलगद मिटला. "कपाट."

बाहेर आल्यावर मास्तर कुजबुजले, "पंखे अडवले असणार, बाई."

"मास्तर, पंखे अडले तर यंत्र तापेल. गुदमरलेला पैलवान गार असतो का? आणि तो हिरवा पुडा फोडलात ना? ओठांना चुरा लागलाय!"

*

पाच वाजायला आले तसं सभागृह भरलं. कुआंग साहेब माईककडे निघाले होते. फांगबाई आडव्या आल्या.

"साहेब, एकच शर्यत पुन्हा. लुओ साहेब, तुमचा छोटा चार्जर द्याल?"

लुओंचा हात छातीवरच्या किल्लीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"द्या की," कुआंग म्हणाले. "वेळ जातोय."

लुओंनी चार्जर आणला. फांगबाईंनी पेटी उघडली, ससाण्याचा विटेएवढा चार्जर काढला आणि सगळ्यांच्या देखत त्या जागी लहान लावला. निएन खेळायला बसली.

ससाण्याने झेप घेतली. लोक ओरडले. आणि मग, अगदी कालच्यासारखा, तो लंगडायला लागला.



"पिवळी सूचना!" निएन किंचाळली. "वाचू? 'कमी शक्तीचा चार्जर जोडला आहे.' अगं बाई! आणि बॅटरी बघा, वायर लावूनसुद्धा उतरतेय!"

मास्तरांनी यंत्राला हात लावला. "कोमट!"

"तापून मंद झाला असता तर चटका बसला असता," फांगबाई म्हणाल्या. "ससाणा तापला नव्हता, उपाशी होता. पत्रं नि तक्ते करायला घासभर वीज पुरते, म्हणून कामाच्या फेरीत कोणाला शंका आली नाही. खेळात भूक वाढली. लहान चार्जर पुरा पडेना, तेव्हा त्याने बॅटरी खाल्ली. म्हणून सुरुवातीची झेप. बॅटरी उतरली तसा यंत्राने स्वतःच वेग आवरला. आज सकाळी मोठा चार्जर पुन्हा जागेवर होता, म्हणून तो पळाला."

"पण बदलला कोणी?" कुआंगनी विचारलं.

"निएनला हरायचं असतं तर ती नुसती वाईट खेळली असती. आणि बॅटरी उतरल्याचं तिने आपणहून सांगितलं नसतं. तेंग फाटकावरून थेट मंचावर आले, पेटीजवळ गेलेच नाहीत. यूछिआओने स्वतःचेच आकडे खोटे का पाडावेत? उरला चार्जर. या पिनेचा लहान चार्जर जगात एक. तो कुलपात, किल्ली एका गळ्यात. आणि पेटी बनवणाराही तोच."

लुओंनी नाकारलं नाही.

"तुम्ही एक प्रोसेसर निवडणार होता, साहेब," ते म्हणाले. "ससाणा निवडला असतात तर माझं यंत्र मेलं असतं. मला फक्त एक दिवस जिंकायचं होतं. हिला चोर ठरवाल, हे मनात आलं नव्हतं. आलं, तेव्हा तोंड उघडायची हिंमत झाली नाही."

यूछिआओ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"लुओदादा, मला एकदा विचारायचंत तरी! काल शर्यत संपली की मी काय सांगणार होते, माहितेय? एक निवडूच नका. खेळणाऱ्यांना जाड अंगात ससाणा द्या. आणि दिवसभर काम करणाऱ्यांना बगळा. तुमच्या यंत्रात! तुमचंच नाव घेणार होते मी. शर्यत हरल्यावर माझं ऐकलंच कोणी नाही."

लुओ खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं.

कुआंग साहेबांनी बराच वेळ टक्कल चोळलं. मग माईक यूछिआओच्या हातात दिला. "काल मी तुला सगळ्यांसमोर बोललो. चुकलो, हेही सगळ्यांसमोर सांगतो. आता तुझं राहिलेलं सांग. लुओ, तुम्ही उद्यापासून येऊ नका."

लुओंनी गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि ते दाराकडे चालू लागले.

यूछिआओने ती किल्ली उचलली, कोपऱ्यातला ड्रॉवर उघडून तो पातळ लॅपटॉप काढला आणि एका हातात उंच धरला. पाठीमागच्या रांगेतले विक्रेते उठून पुढे सरकले. "अरे, कागद आहे की काय!" कोणीतरी ओरडलं.

"यात बगळा आहे," ती माईकवर म्हणाली. "आणि हे यंत्र घडवलंय लुओ चिंगवेन यांनी."

कुआंग साहेबांच्या कपाळावर आठी चढली. टाळ्या सुरू झाल्या. दाराशी पोचलेले लुओ थबकले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. टाळ्या थांबेपर्यंत ते तसेच पाठमोरे उभे राहिले, आणि मग दार हळूच ओढून बाहेर पडले.