दोनशे बारा नोंदी

पहिल्याच वाक्याला कारकुनाचा चष्मा नाकावरून घसरला आणि समोर बसलेल्या तिला, कितीतरी दिवसांनी, हसू आलं.

तिचं चष्म्याचं दुकान होतं. घसरता चष्मा तिला बघवेना. पर्समधला बारीक स्क्रूड्रायव्हर काढून तिने हात पुढे केला. "द्या इकडे."

"अहो, सुनावणी चालू आहे..."

"न दिसता वाचणार कसं?"

अपील ऐकणाऱ्या मॅडम तेवढ्यापुरत्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

तिचे बाबा पुलांचे इंजिनिअर. निवृत्तीनंतर ते रोज सकाळी शहरातल्या जुन्या पुलावर जायचे आणि समाजमाध्यमावरच्या आपल्या पानावर मंत्रिसाहेबांना उद्देशून चार ओळी लिहायचे. "वाचलंस का गं?" विचारायचे. "वाचेन हो बाबा, सावकाश." मग बाबाच गेले. महिन्याभरात सरकारी आदेश आला – घबराट पसरवणारा मजकूर, पान बंद. तिने अपील केलं; ते फेटाळलं गेलं, तर पान कायमचं पुसलं जाणार होतं. आणि तिने त्यातली एक ओळही वाचली नव्हती.

कायदा नवा होता, पण एक जुनी रीत त्यात टिकून होती: वादातला मजकूर सुनावणीत मोठ्याने वाचायचा. तक्रार एकाच नोंदीची होती. आदेश लिहिणाऱ्याने घाईत सबंध पानाचाच पत्ता घातला.

"म्हणजे सगळ्या वाचू? दोनशे बारा?" कारकुनाने विचारलं.

"आदेशात आहे ते वाचा," मॅडम म्हणाल्या.

रोज वीसेक नोंदी. अकरा दुपारी.

"साहेब, तिसऱ्या खांबाची भेग आज माझ्या करंगळीएवढी झाली. करंगळी आता वाढायची नाही. भेगेचं सांगता येत नाही."

आधी कारकून सरकारी आवाजात वाचायचा. चौथ्या दुपारी मात्र जिथे बाबा थांबले असते, नेमका तिथे थांबला. तिने डोळे मिटले. फरशीवरचं ऊन हळूहळू तिच्या पावलांपर्यंत आलं...

सुट्टीत तो चहाचे दोन कप घेऊन व्हरांड्यात आला. "आज सकाळी पुलावर जाऊन आलो."

"कशाला?"

"करंगळी घालून बघायला. जाते आत."

"मग सांगा ना मॅडमना!"

"माझं काम वाचायचं."

"छान वाचता."

"चष्मा नीट बसलाय ना आता," तो म्हणाला, आणि कपातच बघत राहिला.

अकराव्या दुपारी शेवटची नोंद आली.

"साहेब, आज मुलीला पुलावर नेलं. ती फोनवर होती. मी म्हटलं, जरा माझा चष्मा बघ गं, सैल झालाय. तिने फोन ठेवला आणि दोन मिनिटं नीट माझ्याकडे पाहिलं. साहेब, पुलाचंही एवढंच मागणं आहे."

त्याचा आवाज शेवटच्या शब्दाला अडखळला. तिने मान खाली घातली. त्याने पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

मॅडमनी निकाल सांगितला. असलेली भेग दाखवणं म्हणजे घबराट पसरवणं नव्हे. आदेश रद्द.

फाइल बांधताना तो म्हणाला, "पान खुलं होईल आता. तुमचं तुम्हाला वाचता येईल."

"हो..." ती म्हणाली. आणखी काही म्हणायचं होतं, ते जिना उतरेपर्यंत जमलं नाही.

आठवड्याने तो दुकानाच्या दारात उभा. चष्मा हातात.

"पुन्हा सैल झाला?"

"झाला नाही," तो कानापर्यंत लाल झाला. "मीच केला. घरी, सुरीच्या टोकाने. दुसरं काही निमित्त सुचेना..."

काउंटरवर तिचा फोन वाजत होता. तिने तो पालथा ठेवला, चष्मा त्याच्या हातातून घेतला आणि मान वर करून नीट त्याच्याकडे पाहिलं.

दोन मिनिटं कधीच होऊन गेली.

"संध्याकाळी मोकळे आहात?" तिने विचारलं. "पुलावर जाऊ. फोन मात्र तुमच्या हातात, मोठ्याने वाचायला. बाबांचं पान मला पहिल्यापासून ऐकायचंय."